जुन्या यंत्राला विचारून पाहा : संगणकभाषा जुन्या प्रणालीवर उभी करण्याचा इतिहास

(माधवनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाल्यापासून दोन-तीन जणांनी मला रस्त्यात अडवून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे संगणकाचं कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. मी अभियंता नाही. न्याय, बौद्ध आणि वेदान्त दर्शनं शिकवण्यात माझी नोकरी संपली. संगणकावर मी पत्रं लिहितो आणि नातवंडांचे फोटो बघतो, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला आणि त्यानं मला या विषयाच्या दारात आणून सोडलं. ती हकिगत सांगतो, आणि तिच्या आधारानं साठएक वर्षांचा इतिहासही सांगतो. तांत्रिक शब्द येतील, पण एकही शब्द समजावल्याशिवाय पुढं जाणार नाही. वर्गात चाळीस वर्षं हीच सवय लागली आहे.

पुरातून वाचलेलं यंत्र

सांगलीत नदीच्या अंगाला एक लहान वाचनालय आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या मंडळींना ते आवडणार नाही. पुराचं पाणी तळमजल्यात शिरलं. खालच्या फळ्यांवरची पुस्तकं गेली. त्याहून वाईट म्हणजे दाखलनोंदीच्या वह्या गेल्या. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक मिळतो आणि तो या वहीत चढतो. पाणी ओसरल्यावर त्या वह्यांचा नुसता लगदा हाती आला. टेबलावरचे दोन संगणकही बुडाले.

आता अडचण अशी की, काय गेलं हेच कळेना. पुस्तक हरवलं तर ते पुन्हा मिळवता येतं. पण कोणतं पुस्तक होतं हेच हरवलं, तर शोधायचं काय?

मग एका जुन्या कर्मचाऱ्याला आठवलं की माडीवर अडगळीच्या खोलीत एक संगणक आहे. कुठल्याशा अभियांत्रिकी महाविद्यालयानं प्रयोगशाळेतून काढून टाकलेला आणि वाचनालयाला देऊन टाकलेला. त्यात २००७ च्या सुमाराची लिनक्स प्रणाली होती. तो सुरू झाला, आणि त्यात ग्रंथसूची सापडली. पाच-सहा हजार पुस्तकांची नोंद.

पण वाचता येईना! दाखल अंक आणि किमती स्पष्ट दिसत होत्या. लेखकाच्या आणि पुस्तकाच्या नावाच्या जागी मात्र भलतीच चिन्हं. माझी भाची पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात काम करते. मदतीसाठी ती आली होती. ती म्हणाली, "मामा, घाबरू नका. फाईल मोडलेली नाही. ही इस्कीमध्ये आहे."

इथं थोडं मागं जावं लागेल. नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी लिहायचं तर पुष्कळदा यंत्रात एक वेगळं कार्ड बसवावं लागे. त्याचं नाव जिस्ट. हे तंत्र आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलं, मोहन तांबे हे त्यातलं प्रमुख नाव, आणि पुढं ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. भारतीय लिप्यांसाठी जी सांकेतिक पद्धत ठरली ती इस्की. १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून जाहीर झाली. तिची मांडणी अशी की, इंग्रजी अक्षरं आणि आकडे जगात जिथं होते तिथंच ठेवायचे आणि भारतीय अक्षरं वरच्या रिकाम्या जागांत बसवायची. म्हणूनच आम्हाला आकडे दिसत होते आणि नावं दिसत नव्हती. जिस्ट कार्डाचं मूळ यंत्र कधीच बंद पडलं होतं. कुणीतरी शहाण्या माणसानं त्यातल्या फायली या लिनक्सच्या यंत्रावर उतरवून ठेवल्या होत्या. त्या माणसाचे उपकार मानले पाहिजेत.

आज सगळीकडे चालते ती युनिकोड पद्धत. त्यातल्या देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. त्यामुळं एकातून दुसरीत जाणं फार अवघड नाही. भाचीनं तिच्या लॅपटॉपवर एका रात्रीत पायथन भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि नावं दिसू लागली. अपवाद काही शब्दांचा. 'कऱ्हाड'चं 'कर्हाड' झालं होतं, 'कुऱ्हाड'चं 'कुर्हाड'. मराठीचा तो चंद्रकोरीसारखा अर्धा र बाकीच्या भाषांना फारसा लागत नाही, त्यामुळं तोच नेहमी मार खातो. तेही दुरुस्त झालं.

तुम्ही म्हणाल, मग झालं की काम! नाही झालं. पुस्तकं वाळवणं, मोजणं, नोंदणं हे काम पुढं कित्येक आठवडे चालणार होतं. देणगीची पुस्तकंही यायला लागली होती. वाचनालयात उरलेला संगणक एकच, तो माडीवरचा. रोज कुणाचा लॅपटॉप तिथं ठेवणार? तेव्हा हा प्रोग्रॅम त्याच यंत्रावर चालायला हवा होता. त्यावर पायथन होती, पण फार जुनी, २.४ आवृत्तीची. प्रोग्रॅम लिहिला होता पायथन ३ मध्ये. जुन्या आवृत्तीत तो पुन्हा लिहिता आला असता. भाचीच म्हणाली तसं. पण मग एकाच कामाचे दोन प्रोग्रॅम झाले असते, आणि एकात केलेली दुरुस्ती दुसऱ्यात राहून गेली असती. म्हणून ठरलं की पायथन ३ च या जुन्या प्रणालीवर उभी करायची. तयार केलेली पायथन आणून चालवून पाहिली, तर यंत्रानं नकार दिला. ती नव्या प्रणालीसाठी बांधलेली होती. आता मूळ संहिता आणून इथंच, या यंत्राच्या मापानं बांधायची, एवढाच मार्ग उरला.

मिरजेचं स्टेशन

बांधायची म्हणजे काय? आपल्याकडचाच दाखला देतो. मिरज स्टेशनवर एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते. पुण्याहून येणारा मार्ग १९७१ च्या सुमाराला रुंद झाला. लोंढ्याकडं जाणारा मार्ग मीटर मापाचाच राहिला. आणि पंढरपूर, कुर्डुवाडीकडं जाणारी बार्शी लाइटची गाडी अरुंद मापाची, अडीच फुटांची. डब्यातला माल तोच असायचा, ज्वारी असो वा हळद. पण या रुळावरचा डबा त्या रुळावर जायचा नाही. हमाल पोती उतरवायचे आणि दुसऱ्या डब्यात भरायचे. माझ्या तरुणपणी ते दृश्य मी पुष्कळदा पाहिलेलं आहे.

प्रोग्रॅमची मूळ संहिता म्हणजे माल. कंपायलर नावाचा प्रोग्रॅम तिचं यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करतो, म्हणजे माल डब्यात भरतो. संगणकाची प्रणाली म्हणजे रूळ. नव्या रुळासाठी भरलेला डबा जुन्या रुळावर चालत नाही. पण पोती तुमच्याकडं असतील तर ती जुन्या मापाच्या डब्यात भरता येतात. अट एकच, त्या रुळाचं माप तुम्हाला नीट कळलं पाहिजे. ते कसं कळून घ्यायचं, हाच आजचा खरा विषय.

प्रोग्रॅम यंत्राला बांधलेला होता तेव्हा

सुरुवातीला माल आणि डबा वेगळे नव्हतेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संगणक बांधला गेला, तो १९६० मध्ये कामाला लागला. पुढं पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं, टिफ्रॅक. त्याची मुख्य स्मृती २,०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. आज तुमच्या खिशातला साधा फोनसुद्धा तिच्यापेक्षा लाखो पटींनी मोठी स्मृती बाळगतो. त्याचे प्रोग्रॅम त्याच्याच भाषेत, त्याच्याच आज्ञांत लिहिलेले असायचे. १९६४ मध्ये त्या संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला. टिफ्रॅकचे प्रोग्रॅम त्याला कसे कळावेत? यंत्र बदललं की काम पुन्हा पहिल्यापासून. सीडीसीवर फोरट्रान भाषा होती. फोरट्रान आयबीएमनं १९५७ मध्ये आणली होती. तिच्यात लिहिलेलं गणित निदान कागदावर तरी यंत्रापासून सुटं झालेलं होतं.

पण एक गोष्ट तेव्हाही यंत्राला बांधलेलीच राहिली, ती म्हणजे यंत्र चालवणारी प्रणाली. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली घडवली. सुरुवातीला तीही एका विशिष्ट यंत्राच्या आज्ञांत लिहिलेली होती. मग रिचींनी सी भाषा तयार केली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला. यातून एक धाडसी विचार पुढं आला. प्रणाली जर भाषेत लिहिलेली असेल, तर त्या भाषेचा कंपायलर नव्या यंत्रासाठी करायचा, मग अख्खी प्रणालीच उचलून तिकडं नेता येईल. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वुलोंगाँग विद्यापीठात आणि खुद्द बेल लॅब्जमध्ये हे दोन वेगळ्या यंत्रांवर जवळपास एकाच वेळी करून दाखवलं गेलं. बेल लॅब्जच्या प्रयोगात स्टीफन जॉन्सन आणि रिची यांना एक गोष्ट उमगली. संहिता दुसरीकडं नेताना ती अडते कुठं? तर लिहिणाऱ्यानं यंत्राबद्दल जे न सांगता गृहीत धरलेलं असतं तिथं. पूर्णांक एवढ्याच लांबीचा असेल, बाइट याच क्रमानं लागतील, अशी ती गृहीतकं.

माझ्या विषयात आम्ही विद्यार्थ्यांना हेच सांगतो. वादात माणूस हरतो तो बहुधा मांडलेल्या विधानापायी नाही, तर न मांडलेल्या गृहीतकापायी.

नाव विचारायचं की काम?

ऐंशीच्या दशकात युनिक्सची घराणी झाली. बर्कलीची एक परंपरा, एटीअँडटीची दुसरी, आणि प्रत्येक कंपनीची आपापली तिसरी. गाणं तेच, पण घराण्यागणिक चलन वेगळं. एखादी सोय इथं या नावानं, तिथं त्या नावानं, आणि तिसरीकडं नाहीच. मग प्रोग्रॅम लिहिणारे काय करायचे? संहितेत लिहायचे, अमुक कंपनीचं यंत्र असेल तर असं कर, तमुक असेल तर तसं. म्हणजे नावावरून जोखायचं. यात दोन दोष. एक, नवं यंत्र आलं की त्याचं नाव यादीत नसतं. दोन, त्याच नावाच्या यंत्राची पुढची आवृत्ती वेगळी वागते.

लॅरी वॉल या गृहस्थानं वेगळा मार्ग काढला. पर्ल भाषेचे जनक म्हणून ते प्रसिद्ध आहेत, पर्ल १९८७ च्या डिसेंबरची. पर्लबरोबर त्यांनी कॉन्फिगर नावाची एक प्रश्नावली दिली. तुम्ही यंत्रावर ती चालवायची. ती स्वतः इकडंतिकडं धुंडाळून बघे, आणि जिथं अडे तिथं बसलेल्या माणसाला विचारी. तिच्या बोलण्यात विनोदही होता. युनिस नावाची एक कटकटीची प्रणाली तेव्हा होती. आपण तिच्यावर नाही असं कळलं की ही प्रश्नावली तुमचं चक्क अभिनंदन करायची!

१९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी जीएनयू प्रकल्पासाठी ऑटोकॉन्फ तयार केलं. तिथं हा विचार पूर्णत्वाला गेला. माणसाला शक्यतो विचारायचंच नाही. यंत्रालाही नाव विचारायचं नाही. एखादी सोय हवी असेल तर ती वापरणारा दोन-चार ओळींचा इवलासा प्रोग्रॅम तिथल्या तिथं लिहायचा आणि कंपायलरकडं द्यायचा. तो बांधला गेला तर सोय आहे, नाही तर नाही. असे शेकडो प्रश्न एकामागून एक. आणि ही प्रश्नावली लिहायची ती शेल नावाच्या सगळ्यांत साध्या भाषेत, कारण कुठल्याही युनिक्सवर तेवढी तरी असणारच. जुन्या शेलना पोटप्रोग्रॅमसुद्धा लिहिता येत नसत. म्हणून ऑटोकॉन्फनं तयार केलेल्या प्रश्नावलीत बरीच वर्षं तीही सोय वापरलेली नव्हती. दुसऱ्याची ऐपत काय हे ठाऊक नसताना त्याच्याकडं जेवायला जाणारा माणूस जसा वागेल, तसं हे वागणं आहे. यजमानाला जड जाईल असं काही मागायचं नाही.

हे ऐकलं तेव्हा मी भाचीला म्हटलं, "अगं, हे तर धर्मकीर्तीचं मत आहे." सातव्या शतकातला हा बौद्ध तर्कशास्त्रज्ञ. खरं काय आहे हे कसं ओळखायचं, या प्रश्नाला त्याचं उत्तर आहे अर्थक्रियासामर्थ्य. जे काही कार्य करू शकतं ते सत्. अग्नी तो की जो जाळतो. नुसत्या 'अग्नी' या शब्दानं भात शिजत नाही. नावावरून जोखणं हे शब्दप्रमाण झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून मानलं. ऑटोकॉन्फ प्रत्यक्ष पाहतं, करून पाहतं. भाची हसली आणि म्हणाली, "मामा, आमच्याकडं याला 'फीचर टेस्ट' म्हणतात." म्हणू देत. तत्त्व तेच आहे.

अर्थात प्रत्यक्षालाही भ्रम होतो. दोरीच्या जागी साप दिसतो. काही प्रणालींमध्ये एखादी सोय नावाला असते, हाक मारली तर ओ देते, पण काम सांगितलं की 'जमणार नाही' म्हणते. अशा पोकळ सोयी ओळखण्याची युक्तीही ऑटोकॉन्फला करावी लागली. आणि एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्रासाठी बांधायचं असेल, तर त्या दुसऱ्यावर काही चालवून बघता येत नाही. तिथं अनुमानावर किंवा कुणाच्या शब्दावर भागवावं लागतं. चारी प्रमाणं लागतात म्हणायची!

माडीवरचे दोन दिवस

आता माडीवर परत येऊ. आम्ही पायथन ३.४ निवडली, २०१४ ची. सगळ्यांत नवी का नाही? नव्या आवृत्त्यांना सुरक्षित दळणवळणाचं जे ग्रंथालय लागतं, ओपनएसएसएल, त्याचीही नवी आवृत्ती लागते, आणि मग ते ओढून आणा, त्यासाठी आणखी काही आणा, असं शेपूट वाढत जातं. आमच्या कामाला जाळ्यावर जायचंच नव्हतं. गरज तेवढीच मागावी.

महाविद्यालयातून आलेलं यंत्र असल्यामुळं त्यात सी भाषेचा कंपायलर होता, हे आमचं भाग्य. पेन ड्राइव्हवरून संहिता आणली, उलगडली. आणि पहिल्याच पावलाला यंत्र कुरकुरू लागलं, या फायली भविष्यकाळातल्या आहेत म्हणून. मला काही कळेना. भाचीनं तारीख पाहिली. आतली नाण्याएवढी बॅटरी मेली होती, आणि यंत्राच्या मते साल अजून २०१४ च्या बरंच अलीकडचं होतं. त्याच्या हिशेबानं ती पायथन अजून जन्मायची होती आणि वाचनालयात पाणी यायला पुष्कळ अवकाश होता. बांधकाम करणारा मेक हा प्रोग्रॅम कोणती फाईल जुनी आणि कोणती नवी हे तारखेवरून ठरवतो, त्यामुळं तो गोंधळला. तारीख हातानं बरोबर केली. दुसऱ्या दिवशी बाजारातून बॅटरी आणून बसवली.

मग कॉन्फिगर चालवली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. हे आहे का, आहे. ते आहे का, नाही. पूर्णांकाची लांबी किती, चार. मी खुर्ची ओढून बसलो आणि ती सगळी प्रश्नोत्तरं वाचली. तोंडी परीक्षेला मी आयुष्यभर परीक्षक म्हणून बसलो, पण इतका न्यायी परीक्षक पाहिला नाही. 'नाही' म्हटलं की ती चिडत नव्हती. नोंद करायची आणि पुढचा प्रश्न विचारायची.

दोन गोष्टी आम्ही आधी सांगून ठेवल्या. पहिली, नवी पायथन एका वेगळ्या घरात बांधायची, आणि बसवताना ऑल्टइन्स्टॉल ही रीत वापरायची, म्हणजे 'पायथन' या नावाला धक्का लागत नाही. याचं कारण महत्त्वाचं आहे. त्या जुन्या प्रणालीची स्वतःची काही अवजारं, नवीन भाग बसवणारंसुद्धा, जुन्या पायथनच्या भरवशावर चालत होती. पुष्कळ लोक उत्साहानं जुनीवर नवी बसवतात आणि मग घरच बंद पडतं. नवी चूल मांडायची तर जुनी विझवायची नाही.

दुसरी गोष्ट आम्ही चुकून शिकलो. बांधकाम पूर्ण झालं, तासभर लागला असेल, आणि शेवटच्या पायरीला ते कोसळलं. पायथन ३.४ आपल्याबरोबर पुढची अवजारं बसवणारा एक प्रोग्रॅम ठेवते. तो असतो आवळून बांधलेल्या गाठोड्यात. ते सोडायला झेडलिब हे ग्रंथालय लागतं, आणि त्याच्या मथळ्याच्या फायली या यंत्रावर नव्हत्या. गाठोडं सुटेना म्हणून सगळंच अडलं. भाचीनं कॉन्फिगरला सांगितलं, ते गाठोडं नकोच. पुन्हा बांधलं. शेवटी तिनं एक यादी दाखवली, अमुक अमुक भाग जमले नाहीत. यादी वाचली. त्यातलं एकही आम्हाला लागत नव्हतं.

संध्याकाळी सूची उघडली. पहिल्या पानावर लेखकांची नावं, पुस्तकांची नावं, नीट मराठीत. सोबत बसलेल्या ग्रंथपालबाईंनी एक नाव वाचलं आणि म्हणाल्या, "हे आमच्या सासऱ्यांनी दिलेलं." मग बराच वेळ त्या एकेक नाव वाचत राहिल्या. त्या सूचीवरून पुढं काय गेलं आणि काय राहिलं याची यादी झाली. ती फळ्यावर लागली. लोक आपल्या घरातल्या प्रती आणून देऊ लागले.

बीज आधी की अंकुर

हे सगळं जमलं ते एका कारणानं. पायथनचं मूळ रूप सी भाषेत लिहिलेलं आहे आणि सीचा कंपायलर त्या यंत्रावर होता. सगळ्याच भाषांचं असं नसतं. काही भाषांचा कंपायलर त्याच भाषेत लिहिलेला असतो. मग तो बांधायला तीच भाषा आधी लागते! आपल्याकडं याला बीजांकुरन्याय म्हणतात. बी आधी की अंकुर आधी? न्यायशास्त्र अनवस्थेला दोष मानतं, पण बीजांकुराच्या मालिकेत तो दोष धरत नाहीत, कारण हातात एखादं बी असलं की शेती चालते.

ही कल्पना जुनी आहे. १९६२ मध्ये एमआयटीत लिस्प भाषेचा कंपायलर लिस्पमध्येच लिहून त्यानं स्वतःला रूपांतरित केलं. अलीकडचा दाखला गो भाषेचा. २०१४ च्या अखेरीस आलेल्या १.४ पर्यंत तिचा कंपायलर सीमध्ये होता. २०१५ च्या १.५ पासून तो गोमध्येच आला. त्यामुळं नुसता सी कंपायलर असलेल्या जुन्या यंत्रावर नवी गो हवी असेल, तर आधी सीनं १.४ बांधायची, तिच्यावरून पुढची, असं पायरी पायरीनं चढावं लागतं. मधली एक पायरी त्या जुन्या प्रणालीला झेपली नाही, तर चढण तिथंच संपते. म्हणून जुनं बियाणं जपून ठेवावं लागतं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

या साखळीत एक भीतीही आहे. केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ती मांडली, ते १९८४ मध्ये छापून आलं. कंपायलरमध्येच जर कुणी खोट लपवली आणि पुढच्या कंपायलरमध्ये ती आपोआप उतरेल अशी सोय केली, तर मूळ संहिता कितीही तपासा, खोट दिसणार नाही. शेवटी विश्वास ठेवायचा तो संहिता लिहिणाऱ्या माणसांवर. परंपरा हा शब्द आपण आदरानं उच्चारतो. पण आधीच्या पिढीनं कोणती चूक हातावर ठेवली हे परंपरेत दिसत नाही, हेही लक्षात ठेवावं.

जुनं कोण ठरवतं?

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीनं कळीचा.

भाषा सांभाळणारी मंडळी एका टप्प्यावर जुन्या प्रणालींना निरोप देतात. पायथननं २०१५ च्या ३.५ पासून विंडोज एक्सपी सोडलं आणि ३.९ पासून विंडोज ७. गोनं १.११ पासून एक्सपी सोडलं. त्यांच्या बाजूनं विचार केला तर हे समजण्यासारखं आहे. 'चालतं' असं म्हणायचं तर कुणीतरी ते यंत्र जवळ ठेवून प्रत्येक बदल तपासायला हवा. यातले पुष्कळ जण विनामोबदला काम करतात. आणि ज्या प्रणालीला तिचा मूळ निर्माताच दुरुस्त्या देत नाही, ती जाळ्यावर नेणं धोक्याचं असतं. माझं कुणावर दोषारोप करण्याचं मनात नाही.

पण दोन वाक्यांतला फरक आपण विसरू नये. 'आम्ही तुमच्या यंत्रावर तपासत नाही' हे एक वाक्य, आणि 'तुमच्या यंत्रावर चालत नाही' हे दुसरं. पहिलं प्रामाणिक आहे. दुसरं खरं असायला करून पाहिलेलं असायला हवं. हल्ली पुष्कळ ठिकाणी प्रोग्रॅम बसवताना तो फक्त प्रणालीचं नाव आणि आवृत्तीचा आकडा वाचतो आणि दार लावून घेतो. आत काय येतं, काय नाही, हे विचारतही नाही. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी ज्या नावावरून जोखण्याच्या सवयीतून आपण कष्टानं बाहेर आलो, तिच्याकडंच आपण परत चाललो आहोत.

आणि हे कुणाच्या वाट्याला येतं? ज्याच्याकडं नवं यंत्र घ्यायला पैसे आहेत त्याच्या नाही. गावातल्या शाळेच्या वाट्याला येतं, लहान दवाखान्याच्या, पुरानंतरच्या वाचनालयाच्या. आमच्या त्या यंत्राला कागदावर कधीच निवृत्त केलेलं होतं. त्याला विचारलं तेव्हा मात्र ते बरंच काही येतं म्हणालं. जे येत नव्हतं तेही त्यानं स्पष्ट सांगितलं. आम्हाला तेवढं पुरलं.

मीही निवृत्त आहे, तेव्हा या मुद्द्यावर माझं मत थोडं पक्षपाती असणार, हे कबूल करतो. (हशा)

जाता जाता एक व्यवहारातली गोष्ट. तुमच्या संस्थेत, पतपेढीत, शाळेत जुना संगणक असेल तर तो भंगारात द्यायच्या आधी एकदा सुरू करून बघा. आत काय आहे ते उतरवून घ्या, आणि ते कोणत्या सांकेतिक पद्धतीत लिहिलं आहे हे कागदावर लिहून त्याला चिकटवा. ज्या अनामिक माणसानं त्या इस्की फायली लिनक्सवर ठेवल्या, त्यानं एवढी एक चिठ्ठी लिहिली असती तर आमची निम्मी धावपळ वाचली असती. आणि नवी दाखलनोंद वही आता माडीवर ठेवलेली आहे, हे सांगायचं राहिलं.

आता प्रश्न विचारा. फार तांत्रिक विचारलंत तर उत्तर भाची देईल, ती मागच्या रांगेत बसली आहे.